‘मॅगडाला’वरचा आरोप चुकीचा आहे

मुंबई बंदराच्या राखणीसाठी १८७० मध्ये दोन चिलखती युद्धनौका बांधल्या गेल्या, ‘मॅगडाला’ आणि ‘ॲबिसिनिया’. आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात त्यांचं नाव निघतं ते क्वचित, आणि निघालं की दोन वाक्यांत आटोपतं. पहिलं वाक्य असं : या नौका तीस-बत्तीस वर्षं बंदरात नुसत्या उभ्या राहिल्या, शत्रूवर एकही गोळा न झाडता मोडीत गेल्या, म्हणजे पैसा पाण्यात गेला. दुसरं असं : इंग्रजांनी आपल्याकडचा टाकाऊ माल हिंदुस्थानच्या गळ्यात मारला. आरमारावर चांगलं वाचन असलेली माणसंही हे बोलतात. मग कल्याणच्या खाडीत शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेल्या गलबतांवरून आणि आंग्र्यांवरून ती थेट स्वतंत्र भारताच्या नौदलावर येतात. मधलं सगळं कोरं राहतं.

मला ही दोन्ही वाक्यं मान्य नाहीत. ती ऐकायला देशाभिमानाची वाटतात, पण वस्तुस्थितीला धरून नाहीत. आणि त्यातून होणारं नुकसान मोठं आहे. चुकीच्या कलमाखाली खटला भरला की आरोपी निर्दोष सुटतो. या नौकांच्या बाबतीत ब्रिटिश राजवटीवर ठेवण्यासारखा आरोप आहे आणि तो गंभीर आहे. पण आपण त्याऐवजी भलताच आरोप ठेवून बसलो आहोत.

टाकाऊ मालाचा मुद्दा आधी घेतो.

फ्रान्सने १८५९ मध्ये ‘ग्लॉयर’ ही लोखंडी पत्रे चढवलेली नौका पाण्यात सोडली आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडने ‘वॉरियर’ने उत्तर दिलं. १८६२ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात ‘मॉनिटर’ आणि ‘व्हर्जिनिया’ या दोन चिलखती नौका तासन् तास एकमेकींवर तोफा डागत राहिल्या, आणि लाकडी आरमाराचे दिवस भरले हे जगाला कळलं. मात्र या नव्या लोखंडी नौकांवर अजूनही शिडं होती. कोळसा महाग, इंजिनं बिनभरवशाची, म्हणून डोलकाठ्या आणि दोरखंड ठेवायचेच असा आरमारातला आग्रह होता. ब्रिटिश आरमाराचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड यांनी तो मोडला. त्यांनी शिडं काढून टाकली. पाण्यापासून जेमतेम तीन-चार फूट उंचीचा डेक ठेवला, त्याच्या मध्यभागी छातीएवढा चिलखती कोट उभारला, आणि त्या कोटाच्या पुढच्या व मागच्या टोकाला फिरत्या बुरुजात प्रत्येकी दोन तोफा बसवल्या. मध्ये शिड नसल्यामुळे तोफा जवळजवळ सगळ्या दिशांना फिरत. या रचनेच्या तीन नौका झाल्या. ‘सर्बेरस’ ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीसाठी, आणि ‘मॅगडाला’ व तिची थोडी लहान, स्वस्तात बसवलेली बहीण ‘ॲबिसिनिया’ मुंबईसाठी.

‘मॅगडाला’ लंडनला टेम्स आयर्नवर्क्समध्ये बांधली गेली आणि २ मार्च १८७० रोजी पाण्यात उतरली. लांबी २२५ फूट, रुंदी ४५ फूट, वजन ३,३०० टनांवर. बुरुजांचं चिलखत ९ ते १० इंच जाड. चार तोफा, प्रत्येकीच्या नळीचा व्यास १० इंच, वजन १८ टन, आणि तिच्यातून सुटणारा गोळा ४०० पौंडांचा. त्या क्षणी असली यंत्रणा किती राष्ट्रांकडे होती? मोजक्याच. ब्रिटिश आरमाराची ‘डिव्हास्टेशन’ ही शिडांविना समुद्रावर जाणारी मोठी युद्धनौका १८७३ मध्ये सेवेत आली आणि पुढच्या सगळ्या युद्धनौकांना तिने वळण लावलं, असं जहाजांचे इतिहासकार मानतात. तिची मूळ कल्पना, म्हणजे मधला चिलखती कोट आणि दोन टोकांना दोन बुरूज, आधी या तीन वसाहती नौकांवर उतरली होती.

शिडांचा आग्रह किती घातक होता हे त्याच वर्षी दिसलं. ७ सप्टेंबर १८७० च्या पहाटे ‘कॅप्टन’ ही ब्रिटिश नौका स्पेनच्या फिनिस्टेर टोकाजवळ वादळात उलटली. तिच्यावर फिरते बुरूज होते, डेक खाली होता आणि वर पूर्ण शिडांचा भार होता. पावणेपाचशेच्या आसपास माणसं बुडाली, त्यात तिची कल्पना मांडणारे कौपर कोल्स स्वतः होते. रीड यांनी या नौकेच्या स्थैर्याबद्दल आधीच इशारा दिला होता. त्यानंतर काही महिन्यांतच ‘मॅगडाला’ प्रवासापुरत्या तीन डोलकाठ्या लावून, हिवाळ्यात, बिस्केच्या उपसागरातून मुंबईकडे निघाली. तो खाली डेक आणि तो समुद्र डोळ्यांसमोर आणला म्हणजे त्या खेपेतल्या खलाशांबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. ती सुखरूप पोचली. मुंबईला आलेली नौका ही त्या काळातली नवी, धाडसी, सर्वांत पुढची रचना होती. तिला टाकाऊ म्हणणं म्हणजे पुढच्या काळाचं मोजमाप मागच्या काळाला लावणं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. १८८० नंतर तोफा आणि इंजिनं फार झपाट्याने बदलली. गोळा मागून भरण्याच्या तोफा आल्या, पाणतीर आले, क्रूझर वेगवान झाल्या. ‘मॅगडाला’चा वेग जेमतेम साडेदहा नॉट होता, आणि तिच्या तोफांमध्ये तोंडातून गोळा भरावा लागे. तिच्यावर नव्या ८ इंची तोफा बसल्या त्या १८९२ मध्ये, म्हणजे बावीस वर्षांनी. खुद्द ब्रिटिश आरमारातही जुन्या तोफा बरीच वर्षं रेंगाळल्या, तेव्हा हा अन्याय केवळ हिंदुस्थानवर झाला असंही म्हणता येत नाही. ती शेवटी जुनाट झाली होती हे खरं. जुनाट असताना पाठवली हे खोटं.

आता गोळा न झाडण्याचा मुद्दा. आमच्याकडे सर्वांत जास्त टाळ्या यालाच मिळतात.

बंदर राखणारी नौका कशासाठी असते? शत्रूचं एखादं वेगवान जहाज अचानक येऊन बंदरातली गलबतं, गोदामं, कोळशाचे ढीग पेटवून निघून जाऊ नये, यासाठी. १८६० च्या दशकात ही धास्ती पोकळ नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांची ‘अलाबामा’ ही एकटी नौका दोन वर्षं जगभर फिरून उत्तरेकडची साठाहून अधिक व्यापारी जहाजं पकडत व जाळत राहिली. १८६४ च्या जानेवारीत ती मलबारच्या किनाऱ्याजवळ होती. त्याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस बंद पडला होता आणि मुंबईतून विलायतेला जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबई ही युरोपातून येणाऱ्या प्रत्येक आगबोटीची पहिली मोठी हिंदी गोदी ठरली. पुढे १८७८ मध्ये आणि पंजदेहच्या प्रकरणात १८८५ मध्ये रशियाशी युद्ध होईल असं वातावरण होतं.

‘मॅगडाला’ बंदरात होती म्हणूनच कोणी आलं नाही, असं मी म्हणणार नाही. १८७८ चं युद्ध टळलं ते बर्लिनच्या परिषदेत आणि १८८५ चं वाटाघाटींत. पण चोर आला नाही म्हणून जागल्याची रात्र फुकट गेली असं गावात कोणी म्हणत नाही. राखण कमी पडली तर काय होतं ते मद्रासने २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री पाहिलं. जर्मनीच्या ‘एमडेन’ या एकट्या क्रूझरने काही मिनिटांत तेलाच्या टाक्या पेटवल्या आणि ती निसटली. शहर घाबरून रिकामं होऊ लागलं.

आणि झाडलेल्या गोळ्यांवरच गुण द्यायचे असतील तर जगातल्या बहुतेक युद्धनौका नापास होतील. ‘वॉरियर’नेही रागाने एक गोळा झाडला नाही. ती आज पोर्ट्समथला जपून ठेवली आहे आणि लोक तिकीट काढून ती पाहतात. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्याचा अभिमान आपण दर वर्षी नौदल दिनी व्यक्त करतो. पण त्या रात्री ज्यांना संधी मिळाली नाही त्या नौकांवरच्या माणसांची नोकरी वाया गेली असं आपण म्हणतो का? मग हाच न्याय ‘मॅगडाला’ला लावताना का विसरतो?

कारण ती आपली वाटत नाही. इथे खरा प्रश्न सुरू होतो.

आमच्या विरुद्ध बाजूलाही एक मत आहे. त्याची सभ्य इंग्रजीत बरीच पुस्तकं आहेत आणि मराठीतही ते अधूनमधून येतं : काही झालं तरी इंग्रजांनी मुंबईला आधुनिक संरक्षण दिलं. या ‘दिलं’वर मला थांबायचं आहे. या दोन नौकांची मागणी लंडनच्या इंडिया ऑफिसने केली होती. त्या कचेरीचा सगळा खर्च, अगदी तिथल्या कारकुनांचा पगारदेखील, हिंदुस्थानच्या महसुलातून जात असे. त्या महसुलात जमीनमहसूल होता, मिठावरचा कर होता. आमच्या उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या भातशेतीचा सारा होता, आणि कल्याणपासून खालच्या खाडीकाठच्या मिठागरांचं मीठही होतं. कोणी कोणाला काही दिलं नाही. विकत घेतलं गेलं, आणि ज्यांच्या पैशाने घेतलं त्यांना कोणी विचारलं नाही.

हे किती विषम होतं ते ‘सर्बेरस’शी तुलना केली की उघड दिसतं. नौका तीच, रचनाकार तोच, काळ तोच. ‘सर्बेरस’ २९ ऑक्टोबर १८७० ला चॅथमहून निघाली आणि नव्या सुएझ कालव्यातून जाऊन ९ एप्रिल १८७१ ला मेलबर्नच्या बंदरात पोचली. तिला सव्वा लाख पौंड लागले. त्यातले एक लाख ब्रिटिश सरकारने भरले, व्हिक्टोरिया वसाहतीने पंचवीस हजार. व्हिक्टोरियाला स्वतःचं विधिमंडळ होतं, स्वतःचे मंत्री होते. त्यांच्यातले एक, अर्थखातं सांभाळणारे जॉर्ज व्हर्डन, लंडनला जाऊन घासाघीस करून आले. ‘मॅगडाला’लाही साधारण तेवढाच खर्च आला, पण हिंदुस्थानच्या वतीने घासाघीस करायला लंडनला कोण गेलं? कोणीच नाही, कारण कोणाला पाठवण्याचा अधिकारच इथल्या माणसाला नव्हता. हिंदुस्थानातल्या माणसांची बाजू तिथे मांडत होते ते बिनसरकारी दादाभाई नौरोजी. २ मे १८६७ रोजी ईस्ट इंडिया असोसिएशनसमोर त्यांनी इंग्लंड हिंदुस्थानचं किती देणं लागतं यावर निबंध वाचला.

शिवाय नावं पाहा. १८६८ मध्ये मुंबईच्या फौजेचे सेनापती रॉबर्ट नेपियर यांनी ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, स्वारी केली. फौज मुंबईहून गेली, हत्तीसुद्धा हिंदुस्थानातून नेले, बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्या होत्या. १३ एप्रिलला मॅगडालाचा डोंगरी किल्ला पडला आणि सम्राट तेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली. या मोहिमेला नव्वद लाख पौंडांच्या आसपास खर्च आला. तिच्याशी हिंदुस्थानचा काडीचा संबंध नसताना फौजेचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतूनच द्यायचा असं ब्रिटिश पार्लमेंटने ठरवलं. हेन्री फॉसेट यांच्यासारख्या मोजक्या सभासदांनी तिथेच विरोध केला, तो वाहून गेला. मग त्या मोहिमेचंच नाव आपल्याच पैशाने आपल्याच बंदरात आणून उभं केलं. ज्या स्वारीचा भार आधी उचलायला लावला, तिच्या विजयाची पाटीही आपल्याच खर्चाने लावली.

ही सवयच होती. १८९० मध्ये एल्स्विकच्या कारखान्यात हिंदुस्थानसाठी दोन पाणतीर-तोफनौका बांधल्या, त्यांची नावं ‘प्लासी’ आणि ‘असई’. असई म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातलं ते रणांगण, जिथे १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजा वेलेस्लीपुढे हरल्या. बंदरासाठी घेतलेल्या पाणतीर-बोटींत एकीचं नाव ‘मराठा’ होतं. १८४८ मध्ये मुंबईच्या गोदीतून उतरलेल्या ८० तोफांच्या सागवानी नौकेला ‘मियाणी’ म्हणत, सिंधच्या तालपूर मीरांचा पाडाव झाला त्या १८४३ च्या लढाईवरून. उल्हासनगरमध्ये ज्यांच्या आजी-आजोबांनी फाळणीनंतर कराचीहून बोटीने येऊन लष्कराच्या रिकाम्या बराकींत संसार मांडले, त्या घरांना ही मियाणी ठाऊक आहे. तिचं लाकूड आणि तिच्यावर राबलेले हात मात्र मुंबईचे होते, हे क्वचितच सांगितलं जातं.

‘मियाणी’ हा माझ्या वादाचा कणा आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या जहाजं बांधली. १८१३ ची ‘कॉर्नवॉलिस’ : तिच्याच डेकवर १८४२ चा नानकिंगचा तह झाला. १८१७ ची ‘ट्रिंकोमली’ : ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. १८२४ ची ‘एशिया’ : नव्हारिनोच्या लढाईत ती ब्रिटिश सेनापतीचं जहाज होती. मग वाफ आली तेव्हाही मुंबई मागे राहिली नाही. अर्देशीर कर्सेटजी वाडिया हे गोदीच्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य अभियंता झाले आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले हिंदी सभासद. १८५४ मध्ये याच गोदीने ‘पंजाब’ आणि ‘असई’ ही वाफेवर चालणारी मोठी फ्रिगेट जहाजं बांधली. तेव्हाची इंडियन नेव्ही १८६३ मध्ये बरखास्त केली गेली तेव्हा ही दोन्ही जहाजं विकून टाकली. ‘पंजाब’ घेतली जॉन विलिस नावाच्या लंडनच्या मालकाने. तिची इंजिनं काढली, ‘द ट्वीड’ हे नाव दिलं, आणि तिच्या वेगावर तो इतका खूश झाला की पुढे ‘कटी सार्क’ बांधताना तिचा घाट त्याच्या डोळ्यांसमोर होता. आज ग्रिनिचला ‘कटी सार्क’ बघायला जगभरातून लोक येतात. त्या घाटामागे मुंबईच्या सागवानी जहाजाची आठवण आहे.

म्हणजे १८५४ ची ‘असई’ मुंबईत बांधली गेली आणि १८९० ची ‘असई’ इंग्लंडहून विकत आणावी लागली. छत्तीस वर्षांत हे कसं घडलं? लाकूड जाऊन लोखंड आलं, आणि आपल्याकडे तसं लोखंड बनत नव्हतं, हे एक कारण आहेच. ते मी नाकारत नाही. पण हे एकच कारण देऊन थांबणाऱ्यांना मला विचारायचं आहे : त्याच वर्षांत रेल्वे कुठून आली? १ मे १८५४ ला आगगाडी कल्याणला पोचली. १८५६ मध्ये बदलापूरवरून खोपोलीपर्यंत रूळ गेले. १८६३ मध्ये बोरघाट चढला. इंजिनं विलायतेहून आली, तरी परळच्या कारखान्यात ती दुरुस्त करणारे, भाग घडवणारे हजारो हात तयार झाले. लोखंड आयात करूनही कौशल्य इथे रुजू शकतं, हे आमच्या या मार्गानेच सिद्ध केलं आहे. आरमारात ते रुजू दिलं नाही, कारण आरमार हे राज्यकर्त्यांचं खासगी क्षेत्र होतं. नौका टेम्सवर बांधायची, पैसा इथून न्यायचा, अधिकारी तिथून आणायचे. इंडियन नेव्हीच्या जागी आलेल्या मरीन खात्यात आगवाले, खलाशी आणि सारंग मोठ्या प्रमाणावर रत्नागिरीकडचे असत. त्यांच्याशिवाय बॉयलर पेटत नसे. पण त्यांच्यातल्या कोणाला तोफेचं गणित शिकवलं गेलं नाही, की हुकूम देण्याच्या जागेवर बसवलं गेलं नाही. या खात्यात पहिला हिंदी अधिकारी नेमला गेला तो १९२८ मध्ये : डी. एन. मुखर्जी, अभियांत्रिकी शाखेत. ‘मॅगडाला’ मुंबईत आली त्यानंतर सत्तावन्न वर्षांनी.

मेलबर्नला काय झालं? ‘सर्बेरस’वर व्हिक्टोरियाची माणसं शिकली. ती नौका पुढे ऑस्ट्रेलियाच्या नौदलाकडे आली, तिच्यावर प्रशिक्षण झालं, आणि आज त्या नौदलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र तिच्याच नावाने चालतं. १९२६ मध्ये तिचं धूड ब्लॅक रॉकच्या किनाऱ्यालगत लाटा अडवण्यासाठी बुडवलं. गंजत, खचत ते अजून तिथे आहे, आणि ते वाचवायला तिथले नागरिक वर्षानुवर्षं झटत आहेत. गोळा तर तिनेही झाडला नाही! पण त्यांच्या इतिहासात ती वाया गेली नाही, कारण तिच्याभोवती माणसं घडली. आमची ‘ॲबिसिनिया’ जानेवारी १९०३ मध्ये विकली गेली, ‘मॅगडाला’ जानेवारी १९०४ मध्ये. तीस वर्षांहून जास्त काळ एक उत्तम यंत्र आमच्या बंदरात, आमच्या पैशाने, आमच्या हातांनी कोळसा भरून उभं होतं. त्यातून आम्हाला काय शिकता आलं असतं आणि काय शिकू दिलं नाही, हा आरोप आहे. गोळ्यांचा हिशेब मागणारा माणूस हा हिशेब मागायचाच विसरतो.

दादाभाई सभासद असलेल्या वेल्बी आयोगासमोर १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले आणि दिनशा वाच्छा साक्षीला गेले. हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात खर्चाची वाटणी कशी व्हावी, हाच त्या आयोगाचा विषय होता. त्या पिढीच्या टीकेची धार हत्यारं निकामी आहेत या मुद्द्यावर नव्हती. खर्च कोण ठरवतं, कोण भरतं आणि लाभ कोणाला, हे ते विचारत होते. आपण त्यांच्यानंतर सव्वाशे वर्षांनी बोलतो आणि त्यांच्यापेक्षा सोपा प्रश्न विचारतो, याचं मला वाईट वाटतं.

शेवटचा आक्षेप मला इथल्याच तरुणांकडून ऐकू येतो. ब्रिटिशांच्या जहाजाचा इतिहास आम्ही अंबरनाथ-बदलापूरच्या लोकांनी का उगाळायचा? उत्तर त्यांच्या घरापासून फार लांब नाही. बदलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अंबरनाथमध्ये, नौदलासाठी काम करणारी सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत रसायन आणि धातू यांची तपासणी करणारी एक छोटी प्रयोगशाळा सुरू झाली, तीच पुढे वाढत इथे आली. खाऱ्या, उबदार पाण्यात जहाजाचा पत्रा कसा गंजतो, त्याच्या तळाला शिंपल्यांचे थर कसे चढतात, त्यावर कोणता रंग टिकतो, रबर आणि धातू यांचं काय होतं, या कामात तिने उमेदीची दशकं घातली. इथेच पाणबुडीसाठी इंधन-घटावर चालणारी, हवेवाचून वीज देणारी यंत्रणा विकसित झाली आणि मार्च २०२१ मध्ये तिच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. ती बसली म्हणजे पाणबुडीला पुन्हा पुन्हा वर न येता पाण्याखाली जास्त काळ राहता येईल.

मुंबईचं पाणी लोखंडाला काय करतं, हा प्रश्न ‘मॅगडाला’च्या तळाला १८७१ पासून रोज पडत होता. तो पत्रा खरवडणारे, त्यावर रंग चढवणारे हात इथलेच असणार. त्यांनी जे पाहिलं ते कोणी लिहून घेतलं नाही, कोणी त्यावर प्रयोग केले नाहीत, ते ज्ञान इथल्या कुठल्या संस्थेत साठलं नाही. नौका बांधली गेली तेव्हापासून त्या प्रश्नावर काम करणारी आपली प्रयोगशाळा उभी राहीपर्यंत ८३ वर्षं गेली. आणि १८५४ च्या ‘पंजाब’ व ‘असई’नंतर माझगाव गोदीतून २३ ऑक्टोबर १९६८ रोजी ‘निलगिरी’ पाण्यात उतरली, तोपर्यंत मुंबईने त्या तोडीची लढाऊ नौका बांधली नव्हती. एकशे चौदा वर्षं. आज या तिन्ही गावांतून पहाटेच्या लोकलने गोदीत आणि नौदलाच्या कारखान्यांत जाणारे फिटर, वेल्डर, रंगारी, आरेखक आणि अंबरनाथच्या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ ते अंतर भरून काढत आहेत. त्यांचं काम किती मोठं आहे हे कळायचं असेल, तर मधली वर्षं कोरी ठेवून चालणार नाही.

काही जण म्हणतील, या नौकांच्या आठवणी इंग्रजांनीच लिहिल्या आहेत, तेव्हा हा इतिहास त्यांचाच राहणार. इंग्रजी पुस्तकांत या नौकांना मिळालेली जागा एखाद्या परिच्छेदाची आहे : बांधली, मुंबईला गेली, तिथेच राहिली, विकली. आपली दोन वाक्यं त्या परिच्छेदाचीच सावली आहेत. त्यांनी मुंबईतल्या वर्षांबद्दल लिहिलं नाही कारण त्यांच्या दृष्टीने तिथे काही घडत नव्हतं. आपल्या दृष्टीने तिथेच सगळं घडत होतं. महाराष्ट्राचं पुराभिलेखागार मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे आणि मुंबई सरकारच्या मरीन खात्याचे दप्तरी खंड तिथे आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथल्या महाविद्यालयांत इतिहास आणि अभियांत्रिकी शिकणारी मुलं आहेत, त्यांना मोडी व जुनं इंग्रजी वाचून दाखवू शकणारी माणसं ठाणे जिल्ह्यात आहेत. इथून दीड तासाच्या लोकलवर ते खंड उघडता येतात. या दोन नौकांवर कोण खलाशी होते, त्यांना काय पगार मिळे, दुरुस्ती कोणत्या गोदीत आणि कोणाच्या हातून होई, खर्चाची तक्रार कोणी केली आणि तिला काय उत्तर मिळालं, हे प्रश्न घेऊन तिथे जायला हवं. पुढच्या व्याख्यानात कोणी पुन्हा ‘एकही गोळा झाडला नाही’ म्हणालं, तर त्याला या कागदांतली माहिती विचारावी, आणि ती त्याच्याकडे नसेल तर त्याचा निकाल मान्य करू नये.